आमचे व्याही आणि त्यांची हरणारी टीम

माझ्या लेकीच्या सासऱ्यांइतका शिकलेला वेडा माणूस उभ्या अमेरिकेत दुसरा नसेल. मिनेसोटातल्या एका लहानशा कॉलेजात ते गणित शिकवत आणि त्या कॉलेजच्या फुटबॉल टीमवर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव टाकत. तिथला फुटबॉल म्हणजे एकानं चेंडू छातीशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं. मी गेले होते लेकीच्या बाळंतपणाला, पण त्या घरात बाळाच्या आधी मॅचची चौकशी व्हायची. त्या वर्षी टीम एकसारखी हरत होती. व्याही खेळणाऱ्या पोरांना कधी दोष देत नसत, कारण घरातच शोधत. एकदा सुनेनं शनिवारी वांगं केलं म्हणून हरले, एकदा मी मागून हाक मारली म्हणून. जिंकेपर्यंत अंगातला हिरवा स्वेटर धुवायचा नाही असं त्यांनी ठरवलं, आणि टीम काही जिंकेना. शेवटी मी म्हटलं, "अहो, तो स्वेटर आता एकटाच चालत मॅचला जाईल." ते गंभीरपणे म्हणाले, "विहीणबाई, उपयोग होत असेल तर पाठवू."

शेवटच्या मॅचच्या आठवड्यात कॉलेजनं कळवलं, हीसुद्धा हरलात तर टीम बंद. व्याही जेवेनात. देव्हाऱ्यातला गणपती त्यांनी पाण्यात ठेवला आणि म्हणाले, "एकही मॅच मी चुकवली नाही आणि एकही आपण जिंकलो नाही. दोष माझ्या नजरेचा आहे. उद्या तुम्ही पाहा."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच. तुमची नजर कोरी आहे."

लेक म्हणाली, "आई, जा ना गं, प्लीज. नाहीतर बाबा आठवडाभर बोलणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानाकडे पाठ करून गाडी लावली. व्याही कानात कापूस घालून गाडीतच बसले. मी जावयाचं जाकीट घालून मैदान ते गाडी अशा खेपा घालू लागले. मी आले की ते एका कानातला कापूस काढत.

"आपली पोरं ढिगाच्या वर आहेत की खाली?"

"खाली."

"सगळी?"

"एक बाहेर आहे. पण त्याला उचलून नेतायत."

"मग इथं काय करताय? जा, जा, पाहा!"

अगदी शेवटी आपल्या एका पोरानं चेंडू घेऊन सगळं मैदान पळत पार केलं आणि टीम जिंकली. मी धापा टाकत गाडीशी पोचले. माझ्या तोंडाकडे पाहूनच त्यांना कळलं. एवढा प्रोफेसर माणूस, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला आणि मग बर्फात नाचला. टीम वाचली. पुढच्या वर्षी पुन्हा हरत राहिली, असं लेकीचं पत्र आलं.

आता दर दिवाळीला मला नाशिकला त्यांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी झाली की ते आवाज हळू करतात. "विहीणबाई, तो पोरगा कसा पळाला, परत एकदा सांगा ना." मी सांगते. कुणाला चुकवलं, कुठं घसरला, कसा सावरला. दर वर्षी तो थोडा जास्तच पळतो. खरं म्हणजे तो पळाला तेव्हा मी बाकाखाली पडलेला हातमोजा शोधत होते. वर पाहिलं तोवर लोक नाचायला लागले होते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या घरातल्या कुणीतरी ते पळणं पाहिलेलं असायला हवं.