साडी आधी माझ्या अंगावर

कापड फाडलं की कटपीस उरतात. कुणी घेत नाही, टाकवतही नाही, मग काउंटरखाली कोंबायचे. दुकानातले किस्से तसेच. माझ्याकडे पन्नास वर्षांचे साठलेत आणि ऐकायला कुणी नाही. माझ्या जोडीचे सगळे वर गेले. आताच्या सेल्सगर्ल कानात बोंडं घालून बसतात. म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंत झालीय, तेव्हा चुका काढत बसू नका.

आमचं स्टोअर अलिबागेत. नानांनी काढलं. नाना मूळचे म्हसळ्याचे, सायकलला कापडाचा गठ्ठा बांधून गावोगाव फिरायचे. मग इथे एक गाळा घेतला, मग शेजारचा, मग वरचा मजला. कापडाच्या जोडीला भांडी आली, भांड्यांच्या जोडीला चपला, मग खेळणी, मग पंखे. नाना गेले, त्यांचा मुलगा भाऊ गेला, आता नातू चिन्मय बघतो. सगळीकडे काच आणि एसी. खाली कोपऱ्यात फक्त माझी पांढरी गादी उरलीय. साड्यांची.

दिवाळीनंतर चिन्मय म्हणाला, "काका, ह्या लग्नसराईत गादीवर एक जरी बस्ता झाला तर गादी ठेवू. नाहीतर इथे मोबाइल कव्हरचा काउंटर टाकतोय."

बस्ता, म्हणजे अख्ख्या लग्नघराची कापडखरेदी, आता सगळी वर होते. मी म्हटलं, "बघू."

बघू नाही तर काय! बायको गेली, मुलगा खारघरला. घरी बोलायला टीव्ही आहे, तो मला बोलू देत नाही.

*

नानांचा नियम होता. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. वस्तू नसली तरी म्हणायचं, "येतेय. बसा, चहा घ्या."

एकदा एक मास्तरीण बाई आल्या. म्हणाल्या, "हार्मोनियम आहे का?"

आमच्या सात पिढ्यांत कुणी हार्मोनियम विकली नव्हती. नाना म्हणाले, "येतेय. बसा." आणि भांड्यांच्या काउंटरवरच्या गणपतला मागच्या दाराने पेणच्या एसटीत बसवलं.

बाईंनी तीन चहा घेतले. चौथ्याला विचारलं, "येतेय ती कुठून येतेय?"

नाना म्हणाले, "जवळूनच."

चार वाजता गणपत घामाघूम होऊन आला. हातात तबला! पेणला हार्मोनियम मिळाली नाही आणि रिकामं परत यायची हिंमत झाली नाही.

बाईंनी तबल्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. म्हणाल्या, "द्या. पाच तास बसलेय, आता रिकाम्या हाताने घरी काय सांगू?"

*

मी लागलो त्या दिवशी नानांनी जरीची साडी माझ्या खांद्यावर फेकली. "नेस."

मी म्हटलं, "मी?"

"मग काय मी? घडीत साडी कळत नाही. अंगावर पडली की कळते. निऱ्या काढ, पदर सोड, गिऱ्हाइकासमोर उभा राहा."

मला तेव्हा नुकत्या मिशा फुटलेल्या. पदर घेऊन उभा राहिलो आणि समोरून माझेच दोस्त गेले. दारातून आत डोकावून ओरडले, "ओ वैनी! दादा हायत का घरी?"

झालं! तेव्हापासून अख्खा बाजार मला वैनी म्हणायला लागला. मासळीवाले, चक्कीवाला, कंडक्टर. मी शिव्या द्यायचो, एकदा एकाला चपलेने मारलाही. उपयोग शून्य.

आता तसं म्हणणारे सगळे गेले. परवा बाजारातून जाताना "वैनी" अशी हाक आली. गर्रकन वळलो. दुसऱ्याच कुणाची वैनी होती. मला राग आला. कसला आला ते विचारू नका.

*

माझी बायको गिऱ्हाईक म्हणून दुकानात एकदाच आली. दिराच्या लग्नाला साडी हवी होती. मी म्हटलं, मीच आणतो घरी. नाना म्हणाले, "का? बाकीच्यांनी यायचं आणि तिने नाही?" तिला गादीवर बसवली, चहा दिला आणि मला म्हणाले, "दाखव. गिऱ्हाईक समजून दाखव."

एकेक साडी अंगावर घेतली. तिचं सुरू: ही हाताला टोचते, हिचा काठ मेलाय, ही मळखाऊ. वीस झाल्या, तीस झाल्या. घरात माझ्यासमोर तोंड न उघडणारी बाई! दुकान बघत होतं. शेवटी मी मोरपिशी घेतली, चांगला पदर सोडला आणि म्हटलं, "आता ही घ्या, बाई."

तिने खालून वर बघितलं. म्हणाली, "तुम्हालाच ठेवा. माझ्यापेक्षा तुम्हाला शोभतेय!"

नाना हसून हसून गल्ल्यावर पडले. ती उठून सरळ घरी गेली. लग्नाला जुनीच नेसली.

*

भाऊने पहिल्यांदा प्लास्टिकचे पुतळे आणले ती गंमत. काच अजून बसायची होती, म्हणून एक पुतळी साडी नेसवून दाराबाहेरच उभी केली होती. एक कोळीण आली, पाटी तिच्या पायाशी ठेवली, म्हणाली, "बाय, जरा लक्ष ठेव गो," आणि आत चप्पल बघायला गेली.

बाहेर आली तर मांजर बांगडा घेऊन पळालेलं. ती पुतळीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डोले फुटले का तुजे? नुसती शिंगार करून उबी! तुजा सासरा बसलाय काय मासे भरून द्यायला?"

आम्ही आत हसतोय. पुतळी हलेना म्हटल्यावर तिने हात धरून ओढली. हात निघून तिच्या हातात आला.

ती किंचाळून पळाली. भाऊ मांजराला शिव्या देत बसला. आणि दुसऱ्या दिवशी तिचा नवरा बांगड्यांची पाटी घेऊन हजर! "शेट, तिनं मुद्दाम न्हाय तोडला हो. त्या बाईला आता बरं हाय ना?"

*

ह्या वर्षी गादीवर माशी बसली तर मी तिला उठवत नव्हतो. मार्गशीर्ष गेला, माघ गेला. दारात टेम्पो थांबला की मी उभा राहायचो. मंडळी चपला काढायची, माझ्याकडे बघून हसायची आणि जिना चढायची.

एकदा नागावला फिरायला आलेल्या दोन पोरी शिरल्या. पुण्याच्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही साडी नेसून दाखवता? सो क्यूट! रील काढू?"

मी नऊ साड्या अंगावर घेतल्या. त्या म्हणाल्या तसं वळलो, त्या म्हणाल्या तसं हसलो. हसलो! मी! रील म्हणे खूप चाललं, चिन्मयने दाखवलं. खाली लोकांनी लाल बदाम टाकलेले.

साडी? एकीने विचारलं, "ह्याच्यात जीन्स मिळेल का?"

*

आता शेवटचा. वैशाखातला.

सकाळी चिन्मय सुतार घेऊन आला. सुताराने गादीवर मी बसलेला असतानाच टेप लावली. "काका, पाय घ्या वर." घेतले.

तेवढ्यात टेम्पो आला. आगरदांड्याची कोळ्यांची मंडळी, वीस-बावीस जणं, सगळी सरळ जिन्याकडे. मागे एक म्हातारी राहिली, नवरदेवाची आजी, हिराबाय. तिने जिना बघितला, गादी बघितली आणि गादीवर बसकण मारली.

वरून सून ओरडली, "आई, वर या! एसी हाय!"

"माज्या गुडघ्यांत जीव न्हाय. बस्ता खाली आना."

"आई, माल वर हाय!"

"मालाला पाय न्हायत, तुमाला हायत ना?"

चिन्मय धावत आला. आजी, खुर्ची देतो, आजी, उचलून नेतो. ती म्हणाली, "हात तर लावून बग." मग काय! पोरी साड्यांचे ढीग घेऊन खाली, वऱ्हाड त्यांच्या मागे. एका सेल्सगर्लने पहिली साडी स्वतःच्या खांद्यावर टाकली. हिराबायने हात हलवला.

"तू हो बाजूला, बाय. तुज्या अंगावर गोनपाट पन बरा दिसंल. ह्या थेरड्याच्या अंगावर बरी दिसली ना, मगच घ्यायची!"

अख्खं वऱ्हाड हसलं. मी उठलो.

दुपारपर्यंत उभा होतो. नवरीच्या, करवल्यांच्या, मामीच्या, आत्याच्या. हिराबाय नाक मुरडायची की पुढची. माझे पाय गेले, कंबर गेली. सुतार तिथेच टेप धरून उभा. हिराबाय त्याला म्हणाली, "तू कसली मापं घेतोस रं? तुलापन साडी होवी?"

चिन्मयने टेप त्याच्या हातातून घेतली, गुंडाळली, परत त्याच्या खिशात घातली. म्हणाला, "पुढच्या लग्नसराईनंतर या."

मी घड्या घालत होतो.

सगळं बांधून झालं. मंडळी चपला शोधायला लागली. हिराबायने ढिगातून स्वतःच एक ओढून काढली. डाळिंबी, जरीकाठ.

सून म्हणाली, "आई, ही कुनाला?"

"माला. मी जाईन तवा नेसवा."

"अगो आई! लग्नाच्या बस्त्यात असलं बोलतात का?"

"मंग कवा बोलू? तवा माला बोलता येनार हाय?" आणि माझ्याकडे वळली. "घाल रं. माला तवा बगायला मिलनार न्हाय. आत्ता दाखव."

मी निऱ्या काढल्या, खोचल्या. पदर सोडला.

"डोक्यावरून घे."

घेतला.

"आता डोले मीट."

मी मिटले. वर पंखा फिरत होता तेवढाच आवाज.

"बरी दिसते," ती म्हणाली. "बांध."