पेट्रोल कुणाच्या कार्डावर

गाडीत बसण्याआधी मास्तर बॉनेटवर बोटांच्या पेरांनी टकटक करत आणि क्षणभर थांबत, आत कुणी आहे का म्हणून दारावर विचारावं तसं. फार वर्षांपूर्वी एका गारठलेल्या सकाळी इंजिनाच्या उबेला एक मांजर झोपलं होतं. ते वेळेत बाहेर पडलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मास्तरांच्या मनातून कधी गेला नाही. मांजर गेलं, गाड्याही बदलल्या, टकटक तेवढी राहिली. त्यांच्याकडे शिकून गेलेली कितीतरी माणसं अजूनही आपापल्या गाडीवर अशीच टकटक करत असतील आणि घरचे त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत असतील.

त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे घराखालची एक खोली आणि फुटपाथला लागून उभ्या असलेल्या दोन गाड्या. खोलीत एक लांब टेबल, टेबलावर हिरव्या रंगाच्या फळीवर रंगवलेला चौक, आणि त्यावर खेळण्यातल्या गाड्या. त्यातल्या एकीचं चाक निघालं होतं. नवी आणायचं लेकीनं कितीदा मनावर घेतलं, पण मास्तर म्हणायचे, रस्त्यावर अशी एक तरी असतेच, तिला सांभाळून घ्यायला शिकवायचं तर ती इथं हवी.

ते कुणावर ओरडत नसत. ब्रेक लावायची वेळ आली आणि शिकणाऱ्याचा पाय गडबडला, की त्यांच्या बाजूलाही जो ब्रेक होता त्यावर ते हळूच पाय ठेवत. गाडी थांबे. शिकणाऱ्याला वाटे, आपणच थांबवली. मास्तर म्हणत, "छान." कुणाचं 'छान' खरं आणि कुणाचं उसनं, हे त्यांच्या पायालाच ठाऊक. त्यांची बायको म्हणायची की हा माणूस अख्ख्या गावाला लबाडी करून शहाणं करतो.

लेक दुसऱ्या एका नोकरीला कंटाळून घरी परतली होती आणि शिकवण्याचं लायसन्स काढून बसली होती. बसली होती हेच खरं. मास्तरांनी तिला फळीवरच्या चौकाचा तास दिला, फोन दिला, कुणाला कधी बोलवायचं ते ठरवायचं काम दिलं, आणि गाडीचं काय असं तिनं विचारलं की "बघू पुढं" म्हणून किल्ल्या खिशात टाकल्या. तिला राग यायचा. पण सकाळी पहिल्या तासाला निघताना त्यांचा चेहरा असा काही उजळलेला असायचा की ती राग गिळून पुन्हा फोनकडे वळायची.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. लेक सोबत गेली होती. डॉक्टर कागदावर एक वर्तुळ काढून म्हणाले, मधलं तुम्हाला नीट दिसतंय, पण कडा जाताहेत, आणि त्या परत येणार नाहीत. औषधानं आहे ते राखता येईल. गाडी मात्र आता बंद करायला हवी, शिकवणंसुद्धा. मास्तर कागदाची घडी करत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं की डॉक्टरचं अक्षर बाकी सुरेख आहे.

घरात माणसं तीन आणि तिघांनाही सगळं माहीत, पण त्या घराची रीतच अशी की दुखरी गोष्ट कुणी सरळ बोलायची नाही. बायको वेळेवर डोळ्यांत थेंब घालायची आणि थेंब घालताना भाजीवाल्याबद्दल बोलायची. लेक संध्याकाळचे तास परस्पर दुपारच्या उजेडात ढकलायची आणि विद्यार्थ्यांना गाडी सर्व्हिसिंगला दिल्याचं सांगायची. मास्तर रिकामे रस्ते निवडायचे आणि म्हणायचे, गर्दीत काय कुणीही चालवतं. सगळं आपोआप मिटेल अशी वाट तिघंही बघत होती.

बँकेतली मुलगी आली ती याच दिवसांत. काही वर्षांपूर्वी ती मास्तरांकडेच शिकली होती, परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाली होती, आणि माझे केस तिनंच पांढरे केले असं मास्तर अभिमानानं सांगत. आता तिनं पहिली गाडी घेतली होती आणि हात साफ करायला चार तास लावले होते. दुसऱ्या तासाहून दोघं परतली तेव्हा मुलीनं आल्या आल्या लेकीकडे पेलाभर पाणी मागितलं आणि काय झालं ते सांगितलं. वळणावर बाजूनं एक सायकलवाला आला होता. तिला तो दिसला, तिनं ब्रेक दाबला. सायकलवाला हँडल सावरत, दोन शब्द ऐकवून निघून गेला. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या गाडीत वर्षानुवर्षं पहिला पोचणारा पाय त्या दिवशी जागचा हलला नव्हता, आणि ते तिला कळलं होतं.

"ब्रेक चांगला लावलास," मास्तर म्हणाले.

तिनं पेला टेबलावर ठेवला. मास्तर फळीवरच्या गाड्या एका रेषेत लावत बसले. मग, शांतता असह्य झाली की माणूस आपल्या धंद्याचं बोलायला लागतो तशी, तिनं पर्समधून एक रंगीत माहितीपत्रक काढलं आणि घाईघाईनं सांगायला सुरुवात केली की सर, तुमच्याकडे अजून क्रेडिट कार्ड नाही, आणि आमच्याकडे कॅशबॅकची दोन चांगली आहेत.

मास्तरांचं कार्डांबद्दलचं मत जुनं आणि पक्कं होतं. जो पैसे परत देतो, त्यानं आधी जास्त घेतलेले असणार. मुलगी पहिल्यांदा हसली. म्हणाली, ते दुकानदाराकडून घेतात, सर, आणि तुम्ही बिल थकवलंत तर तुमच्याकडूनही घेतील. म्हणून बिल पूर्ण आणि वेळेवर भरायचं, नाहीतर व्याज असं बसेल की परत मिळालेलं सगळं त्यातच जाईल. मग तिनं दोन्ही कार्डं समजावली. एकावर कशावरही खर्च करा, सरसकट थोडंसं परत. दुसऱ्यावर आपण एक प्रकार निवडायचा, पेट्रोल किंवा किराणा, औषधं, बाहेरचं जेवण, नाहीतर प्रवास. त्या एका प्रकारावर भरघोस परत, बाकीच्यांवर नावापुरतं. वर्षाची फी आहे, दरमहा परत मिळण्याला एक मर्यादा आहे, आणि निवड वर्षभर बदलता येत नाही.

"म्हणून नीट विचार करून सांगा," ती उठताना म्हणाली. "वर्षभर तुमचा सगळ्यात जास्त खर्च कशावर होणार आहे, एवढाच प्रश्न आहे."

त्या प्रश्नाचं उत्तर शेंबड्या पोरानंही दिलं असतं. दोन गाड्या दिवसभर फिरणाऱ्या. लेकीनं त्याच संध्याकाळी हिशेब मांडला. सरसकटच्या कार्डापेक्षा निवडीचं कार्ड सरस, आणि निवड पेट्रोलची. फी वजा जाऊनही बरंच उरत होतं. तिनं अर्ज ऑनलाइन भरला आणि प्रकार निवडायच्या पानावर येऊन वडिलांना हाक मारली.

"बघतो," मास्तर म्हणाले.

सांगायचं म्हणजे, हे मास्तर. गाडी विकत घ्यायला गेले तर दुकानात पाणीसुद्धा न पिता निर्णय घेऊन येणारे. आणि आता एका कार्डासाठी आठवडा उलटला. मधल्या काळात ते गाडीतही बसले नव्हते. एक दिवस पाठ धरली, एक दिवस गॅरेजवाल्याला भेटायचं होतं, एक दिवस नुसतंच आभाळ आलंय म्हणाले. फोन वाजत राहिला. पुढच्या महिन्यात परीक्षा असलेला एकजण तर चिडून बोलला, जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे जातो. लेकीनं माफी मागितली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. असेच चार जण गेले की खोलीला कुलूप लागणार, हे कळायला हिशेब लागत नव्हता.

जेवताना मास्तरांनी कार्डाचा विषय स्वतःच काढला. किराणा घ्यावा का, असं त्यांच्या मनात होतं.

"आपण तिघं असं काय खातो हो?" बायको म्हणाली. "की गाड्यांना आता पेट्रोलऐवजी तांदूळ घालणार आहात?"

लेक हसली, मास्तरही हसले. पोळीचा तुकडा मोडून ते म्हणाले, "मग औषधं कसं राहील?"

यावरही बायकोच्या तोंडात काहीतरी तयार असणार असं लेकीला वाटलं. पण ती उठली, अजून रिकामी न झालेली भांडी उचलली आणि आत जाऊन तिनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजात दोघं खाली मान घालून जेवली. वडील एका प्रश्नाभोवती घिरट्या घालताहेत आणि तो प्रश्न कार्डाचा नाही, हे लेकीला तेव्हा स्वच्छ कळलं.

दुसऱ्या दुपारी खोलीत कुणी नव्हतं. तिनं ते पान उघडलं आणि पेट्रोलवर खूण केली. एकदा होऊन जाऊ दे, त्यांना निदान उत्तर द्यावं लागणार नाही. पुढचं बटण दाबायला बोट गेलं आणि तिथंच राहिलं. पेट्रोल म्हणजे अजून एक वर्ष. अजून एक वर्ष ते त्या सीटवर बसतील, आणि प्रत्येक वळणावर सायकल बघणारी ती मुलगी शेजारी असेलच असं नाही. तिनं खूण काढली. वडिलांचं मन राखायचं तर याहून स्वस्त मार्ग नव्हता आणि तो तिला घेता येत नव्हता. पान तसंच उघडं ठेवलं.

चार वाजता मास्तर खाली आले. खुर्ची ओढून फळीसमोर बसले.

"टॅक्सी कशात येते यात?" त्यांनी विचारलं.

"प्रवासात."

"बसही?"

"बस, रेल्वे, टॅक्सी, सगळं."

"मग माझं ते टाक."

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला जे म्हणायचं होतं ते तिच्या तोंडून हिशेबाच्याच भाषेत आलं. ती म्हणाली, "पण बाबा, सगळ्यात जास्त खर्च पेट्रोलचा आहे."

"असू दे. त्याला तुझ्या नावानं दुसरं कार्ड काढ. गाड्या तू चालवणार, तर पेट्रोल माझ्या कार्डावर कशाला?"

बाहेरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. मास्तरांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. हातात देण्याचा वगैरे समारंभ त्यांनी केला नाही. चहाचा कप ठेवावा तशा ठेवल्या.

"मला जमेल?" तिनं विचारलं.

"लायसन्स काय भिंतीवर टांगायला काढलं होतंस?" मग जरा थांबून, फळीकडे बघत ते म्हणाले, "त्या दिवशी तो सायकलवाला मला दिसलाच नाही गं. ती पोरगी थांबली म्हणून निभावलं."

लेकीनं किल्ल्या उचलल्या. उत्तर त्यांना नकोच होतं. बँकेतल्या मुलीला त्यांनी आधीच फोन करून ठेवला होता. उद्याचा तास माझी मुलगी घेईल, तिला सांभाळून घे, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि ती मुलगी म्हणाली होती की सर, मलाच अजून सांभाळून घ्यावं लागतं. हे सांगताना मास्तर पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. ते पाणी कशानं आलं होतं याचा दोघांनीही विचार केला नाही. मग लेकीनं प्रवासावर खूण केली आणि बटण त्यांना दाबायला लावलं.

कार्ड आलं, आणि इतकी वर्षं स्टिअरिंगमागे काढलेला माणूस मागच्या सीटवर जाऊन बसला. बायकोला वाटलं होतं, आता हे मिटून जातील. झालं उलटंच. मास्तर टॅक्सीच्या प्रेमात पडले. पलीकडच्या दुकानात मिळणारा साबण आणायला ते टॅक्सीनं दूरच्या बाजारात जाऊ लागले, का, तर टॅक्सीवर परत मिळतं आणि पलीकडच्या दुकानात पायी जाण्यावर काहीच मिळत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, बायको म्हणायची. पण स्टेटमेंट आलं की चष्मा लावून, कागद नाकासमोर धरून, जिथं अजून दिसत होतं त्या मधल्या भागात आणून, ते परत आलेली रक्कम मोठ्यानं वाचत. बायको ऐकत नसल्यासारखं करून ऐकत असे. पुढं पुढं तीही साबण आणायला बरोबर जाऊ लागली. लग्नानंतर इतकी वर्षं गाडीत तिच्या शेजारी न बसलेला नवरा तिला तेव्हा मिळाला. एरवी ते पुढं, पाय ब्रेकवर, आणि ती मागं, सामानाबरोबर.

टॅक्सीचे ड्रायव्हर त्यांना ओळखू लागले. कुणी गिअर चुकीच्या वेळी बदलला तर मास्तर आवाजावरून ओळखत, पण बोलत नसत. घरी येऊन लेकीला सांगत. लेक तोवर दिवसभर शिकवून दमलेली असे, तरी ऐकत असे, कारण त्यातलं काहीतरी दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून निघे. तिचा पाय ब्रेकवर हळूच पोचायला वेळ लागला. पहिल्या वर्षी ती फार लवकर दाबायची आणि शिकणारे हिरमुसायचे. मास्तर म्हणत, येईल, पायाला वेळ द्यावा लागतो.

खरी भानगड एकदाच झाली. लेकीनं त्यांच्यासाठी टॅक्सी बोलावली आणि तिनंच तिचे पैसे भरले. मास्तरांनी उतरताना कार्डावरूनही दिले. ड्रायव्हर भला, त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. मास्तरांना मात्र दुहेरी खर्चापेक्षा लेकीच्या कार्डावर प्रवासाचं नावापुरतंच परत मिळतं, याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून टॅक्सीतून उतरले की ते लेकीला फोन करून भाडं आपण दिल्याचं कळवत.

कडा आत आत येत राहिल्या, पण मधला भाग शेवटपर्यंत टिकला. एका दुपारी ते केस कापून घरी परतले आणि आरामखुर्चीत जरा पडले ते झोपेतच गेले. बायको शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. लेक तेव्हा तासावर होती. एक नवा मुलगा चढावावर गाडी उभी करायला शिकत होता, आणि त्याआधी काही वेळ वडिलांचा फोन येऊन गेला होता. तिनं एका हातानं फोन कानाला लावून, पाय ब्रेकजवळ ठेवून, पोचलात का म्हणून विचारलं होतं. मास्तर म्हणाले होते, "पोचलो. टॅक्सीचे पैसे माझ्या कार्डावरून दिलेत, तू नको देऊस."