डोहातला चर

बोरी नदी आमच्या गावापाशी एकदम वळते. वळणावर अलीकडं काळा खडक, पलीकडं वाळू आणि मधे डोह. दुष्काळात हा डोह ठणठणीत कोरडा पडला. तेव्हा गावच्या उपसा सिंचन सोसायटीनं पाइप टाकायला पात्रात खोल चर खणला. पाइप काही आले नाहीत. पुढच्या वर्षी पाणी आलं आणि चर त्याखाली दिसेनासा झाला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. भावाचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनी माळावरच्या गावातल्या, त्यांनी आडापलीकडं पाणी पाहिलं नव्हतं. "मला पवायला शिकवा की, वन्सं," म्हणून मागंच लागल्या. दुपारी आई खडकावर धुणं धुवायची, तेव्हा मी त्यांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून शिकवायचे.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज भोपळा नको."

"बरं. कमरेइतकंच पाणी हाय. चालत या माझ्याकडं."

त्या चार पावलं आल्या. पाचव्याला दिसेनाशाच झाल्या. पाण्यावर नुसता हात राहिला, हिरव्या बांगड्यांचा. तेव्हा मला चर आठवला.

मी झेपावले. त्यांनी माझ्या मानेला अशी मिठी मारली की दोघी खाली गेलो. तळाचा गाळ पायाला लागला. नाकातोंडात पाणी गेलं. एक क्षण वाटलं, यांचे हात सोडवावेत. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वर आले तेव्हा आई ओरडत होती, "लुगडं धर! लुगडं!" तिनं धुण्यातलं ओलं नऊवारी फेकलं होतं. पदर हाताला लागला. आई खडकाला पाय रोवून ओढत राहिली.

वहिनींनी पाणी ओकलं, मग श्वास घेतला. "माझाच पाय घसरला, आत्याबाई," त्या कशाबशा म्हणाल्या.

आईनं माझ्याकडं पाहिलं. "तिथं चर हाय, तुला ठावं न्हवतं?"

"व्हतं. इसरले."

ती धुणं गोळा करून घराकडं चालू लागली. रात्रभर मला तिच्या शिव्या हव्याशा वाटत होत्या.

सकाळी ती बांबू, काठ्या आणि चिंध्या घेऊन नदीवर गेली, आम्हा दोघींनाही नेलं. पोहता न येणारी माझी आई बांबूनं तळ चाचपत, छातीभर पाण्यात चराच्या कडेनं फिरली. जिथं बांबू खोल गेला त्याच्या अलीकडं काठी रोवली, काठीला चिंधी बांधली. अशा अकरा काठ्या.

बाहेर येऊन लुगडं पिळत ती सुनेला म्हणाली, "आता शीक."

वहिनी खूप वेळ काठावर उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि पाण्यात पाऊल टाकलं.