अठ्ठावीस पेपर, एकच उत्तर

"मिसेस रानडे, तुमच्या मुलांनी कॉपी केली आहे."

आमच्या प्रिन्सिपॉल मिसेस टॉरेस यांनी अठ्ठावीस पेपर माझ्यासमोर ठेवले. प्रश्न होता, 'अमेरिकेला राज्यघटनेची गरज का पडली?' अठ्ठावीस जणांचं उत्तर शब्द न् शब्द सारखं, अगदी स्वल्पविरामासकट.

मला तर अभिमान वाटत होता! "कॉपी नाही. मी नोट्स डिक्टेट केल्या, त्यांनी पाठ केल्या."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी," मी ताठ मानेने म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. "मग हे उत्तर तुमचं झालं. मुलांचं कुठे आहे?"

ही २००५ सालची, अमेरिकेतल्या फ्रीमाँटमधली गोष्ट. पुण्यात आठ वर्षं शिकवून मी इथे पाचवीच्या वर्गावर आले होते आणि अजून प्रोबेशनवर होते. पुढच्या मंगळवारी माझं ऑब्झर्व्हेशन ठरलं, म्हणजे प्रिन्सिपॉल मागे बसून तास बघणार. तो बिघडला की कॉन्ट्रॅक्ट संपलं. शिकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, त्यामुळे मी घाबरले होते.

मंगळवारी नोट्स घरीच ठेवल्या. चार टेबलांची चार राज्यं केली. एकावर बारा मुलं, एकावर नऊ, एकावर चार, एकावर तीन.

"शुक्रवारी कुठला गेम खेळायचा ते तुम्ही ठरवणार. पण मतं कशी मोजायची ते आधी ठरवा. सगळी टेबलं कबूल हवीत."

"एका मुलाला एक वोट!" बारा जणांच्या टेबलावरून मार्कस ओरडला.

तिघांच्या टेबलावरची लिली उभी राहिली. वर्षभर ही मुलगी तोंडातून शब्द काढत नव्हती. "मग आम्ही वोट कशाला करायचं? नेहमी तुम्हीच जिंकणार. एका टेबलाला एक वोट."

"दॅट्स नॉट फेअर!" दोन्हीकडून एकच गलका झाला.

अमेरिकेची घटना लिहायला जमलेली मोठी माणसंही इथेच अडली होती. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे मतं हवी होती, छोट्यांना सारखी. शेवटी दोन सभागृहं केली, एक असं आणि एक तसं. कायदा दोन्हीकडे मंजूर व्हायला हवा. उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. चार मिनिटं उरली होती. पुण्यात असते तर फळ्यावर लिहून मोकळी झाले असते. मी मार्कर उचललासुद्धा. पण लिली अजून उभीच होती. मी तो खाली ठेवला.

बेल वाजली. काहीच ठरलं नव्हतं. मिसेस टॉरेस निघून गेल्या. वर्ग रिकामा झाल्यावर मला रडूच आलं.

लंचनंतर त्या मार्कस आणि लिलीला घेऊन दारात उभ्या. "हे दोघं जेवायचं सोडून वाद घालत होते. आता ऐका."

"आम्ही दोनदा वोट घेणार," मार्कस म्हणाला. "आधी सगळ्या मुलांचं, मग टेबलांचं. दोन्हीकडे जिंकेल तोच गेम."

"आयडिया माझी आहे," लिली म्हणाली.

मिसेस टॉरेसनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही," मी म्हणाले. एवढ्या अभिमानाने 'नाही' मी आयुष्यात म्हटलं नव्हतं.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. पुढच्या टेस्टला तोच प्रश्न पुन्हा घातला. अठ्ठावीस वेगवेगळी उत्तरं आली. लिलीने तर दोन पानं भरून लिहिलं होतं. तपासण्यात माझा अख्खा रविवार गेला. नोट्स देण्यात शिक्षकाची केवढी सोय असते, ते मला तेव्हा कळलं.