फायबरच्या होडीचं ठिगळ

ह्यांना जाऊन आठ महिने झाले तरी मला रडू आलं नव्हतं. याचा त्रास मला कमी आणि माझ्या मुलीला जास्त होत होता. ती दर शनिवारी विश्रांतवाडीहून सदाशिव पेठेत यायची, डबा ठेवायची आणि माझा चेहरा तपासायची. "आई, एकदा मोकळी हो गं," म्हणायची. मी आपली मेथी निवडत असायचे. मोकळं व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला खरंच कळत नव्हतं. दात काढून आल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं होतं. शेवटी तिनंच ठरवलं की होडी विकायची. होडी गेली की आईला रडू फुटेल, असा तिचा अंदाज.

होडी कात्रजच्या पुढे एका भाड्याच्या शेडमध्ये होती. पुण्यात शिडाची होडी म्हटल्यावर लोक आधी हसायचे आणि मग "कशाला?" म्हणून विचारायचे. त्याचं उत्तर ह्यांच्याकडेही नव्हतं. एकवीस फुटांची, फायबरची, जुन्या धाटणीची. पोटाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा जड कणा, त्यामुळे वळायला आळशी, पण एकदा दिशा धरली की सोडायची नाही. आत केबिनमध्ये दोन बाकं, मधे स्टोव्ह, आणि ताठ उभं राहायची सोय फक्त मला, कारण माझी उंची पाच फूट. ह्यांनी मात्र वर्षानुवर्षं डोकं आपटून घेतलं. हिवाळा-उन्हाळा होडी धरणाच्या पाण्यात असे, आणि शनिवार-रविवार आम्ही तिच्यावर. सुकाणूचा दांडा निम्मा वेळ माझ्या हातात. "हिनं आजवर होडीला एक ओरखडा काढलेला नाही," असं हे पाहुण्यांना सांगायचे. आमच्याकडे बायकोचं कौतुक करायची पद्धत नव्हती, त्यामुळे ते एक वाक्य मी जपून ठेवलं होतं.

होडी बघायला आली ती पस्तिशीची, आयटीत नोकरी करणारी मुलगी. होडी कधी कुठे आपटलेली नाही, हे मी तिला फोनवरच सांगितलं होतं. "काकू, माझा ट्रस्ट आहे तुमच्यावर, पण एकदा चेक करून घेते हं," म्हणत तिनं एक कारागीर बरोबर आणला. अमरावतीकडचे गृहस्थ, इथे पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ते होडीच्या पोटावर वीतभर अंतरानं ठोकत निघाले. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन, चिरोट्यासारखं पदरावर पदर. पदर घट्ट असले की आवाज खणखणीत येतो. टक, टक, टक. मी खुर्चीत बसून ऐकत होते. आता काहीतरी वाटेल, असं मला वाटलं होतं. काही वाटलं नाही.

डाव्या बाजूला, पोट कण्याकडे वळतं तिथे, आवाज बदलला.

"मॅडम, इथं ठिगळ आहे न."

"शक्य नाही," मी म्हणाले.

"आवाज बदलून राहिला, ऐका न. खराब नाही. उलट जाड आहे. मन लावून केलं कोणीतरी."

ते आत शिरले, माझ्या बाकाखालची फळी काढून त्यांनी तिथला रंग खरवडला. हातभर लांब ठिगळ निघालं. बाहेर आले ते हात खाजवतच. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ.

"ही काचेची कूस," ते म्हणाले. "घासलं की उडते अन् अंगात शिरते. दोन दिवस जात नाही."

ते पुरळ मी ओळखलं. चौदा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात धरण आटलं होतं. दांडा माझ्या हातात होता, होडी डावीकडे कललेली, आणि खालून खर्रकन आवाज आला. पाण्याखाली गेलेल्या कुणाच्या तरी शेताचा दगडी बांध असेल, हे मला तेव्हाही सुचलं होतं. "गाळ आहे, काही नाही," हे म्हणाले आणि मी ते मानलं. होडी शेडमध्ये आणल्यावर चार रविवार हे एकटेच होडीला पॉलिश करायला म्हणून कात्रजला गेले आणि दोन्ही हात लाल करून घरी आले. घामोळं म्हणाले. मीच पावडर लावून दिली, वर सुती शर्ट घालत नाही म्हणून चार शब्द सुनावले. आणि तेव्हापासून काठ जवळ आला की, "जरा चहा टाकतेस का?" मी आत जायची, दांडा त्यांच्या हातात. चौदा वर्षं मी त्याला चहाची तलफ समजत होते.

"काकू, कुठे हिट झाली होती का?" मुलीनं विचारलं.

"हो. बांधावर घातली होती. मीच."

"पण तुम्ही फोनवर म्हणालात..."

"फोनवर मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं."

तिनं कारागिराकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. "घेते मी काकू," ती म्हणाली, आणि ट्रेलरची चाकं बघायला दोघं बाहेर गेले.

मी एकटी राहिले आणि मला राग आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा काही आलं, ते हे. कानशिलं तापली. मी शिडीवरून केबिनमध्ये चढले आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो, मला सांगायला काय झालं होतं? मी काय मोडून पडणार होते? चार रविवार खोटं बोललात, चारचौघांत माझी खोटी फुशारकी मारलीत, आणि वर चहा करायला लावलात!"

मी असं काही बोलले की पेपरातून मान वर न काढता हे एक तिरकस वाक्य टाकायचे. त्याशिवाय आमचं भांडण कधी पुरं झालं नाही. म्हणून सवयीनं मी थांबले. आता बोलायची पाळी त्यांची होती.

मी बराच वेळ थांबले. आणि मग मला कळलं, ते आता काहीही बोलणार नव्हते.