पाणपोईवरचं नाव

सोलापूरच्या म्युनिसिपालिटीत मी कारकून होतो तेव्हाची ही गोष्ट. गावात ज्याला त्याला आपल्या वडिलांचा पुतळा चौकात बसवायचा होता. अर्जांचा ढीग झाला, तशी एक कमिटी नेमली गेली. पुतळे, कारंजी, कोरीव पाणपोया कुठं बसवायच्या, कोणाकडून करून घ्यायच्या, पुढं त्यांची निगा कोणी राखायची, याचे नियम करायचे होते. मसुदा माझ्याकडे आला. माझं इंग्रजी चांगलं होतं, आणि ते सगळ्यांत जास्त मलाच ठाऊक होतं.

सभेत एका वृद्ध वकील सभासदांनी विचारलं, "दात्याचं नाव कोरायचं हे लिहिलंत. घडवणाऱ्याचं काय?"

मला कोणी विचारलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "गटार बांधणाऱ्याचं नाव आपण गटारावर घालतो का, साहेब?"

सगळे हसले. अध्यक्षही हसले. वकील गप्प बसले आणि नियमांत ओळ गेली : दाता व म्युनिसिपालिटी यांखेरीज कोणाचंही नाव दगडावर असू नये. घरी जाऊन मी तो विनोद बायकोला पुन्हा ऐकवला.

या नियमांखाली पहिलं काम झालं ते बाजारातल्या पाणपोईचं. घडवणारा अक्कलकोटकडचा पाथरवट होता, घरात कानडी बोलणारा. हौदाच्या कडेला त्यानं गाय आणि तिला ढुशी देणारं वासरू कोरलं होतं. भाजी विकायला येणाऱ्या बायका जाता-येता वासराच्या मानेवरून हात फिरवीत. मी काम तपासायला गेलो. वासराच्या मागच्या अंगाला, खुरापाशी, वाकल्याशिवाय दिसू नयेत अशी चार कानडी अक्षरं होती.

"हे काय?"

"माजं नाव हाय की, रावसाहेब. मला लिवता येत न्हाय. लेकीनं कोळशानं काढून दिलं, तसंच कोरलं."

"काढावं लागेल. नियम आहे."

"कुनी केला?"

"कमिटीनं," मी म्हणालो.

"मग बरोबरच असंल," म्हणून तो छिन्नी घेऊन बसला. काम पुरं झाल्याचा शेरा मारायचा होता, म्हणून मी उभाच राहिलो. वासराच्या खुराला धक्का लागू नये म्हणून शेवटचं अक्षर तो फार सावकाश खरवडत होता.

काही महिन्यांनी शाळेच्या फाटकाचं काम निघालं. वकील मला म्हणाले, "पाणपोई ज्यानं केली त्यालाच बोलवा. नाव काय त्याचं?"

दप्तरात कंत्राटदाराचं नाव होतं. पाथरवटाचं मी कधी विचारलंच नव्हतं. कानडी मला वाचता येत नाही. जे नाव मी उभं राहून खरवडून घेतलं, ते काय होतं हेही मला माहीत नव्हतं.

कंत्राटदार म्हणाला, "खाणीवरून आणला होता, नाव कोण विचारतो? गेला कुठंतरी." एका रविवारी मी अक्कलकोटकडच्या खाणी पालथ्या घातल्या. नाव सांगता येईना, तेव्हा लोक तरी काय शोधणार?

शेवटी वकिलांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सगळे हसले तेव्हा मीही गप्पच बसलो की."

पुढच्या सभेत ती ओळ बदलली. घडवणाऱ्याचंही नाव कोरावं, ही नवी ओळ मीच लिहिली. फाटक दुसऱ्या कारागिरानं केलं, चांगलं केलं. बाजारात मात्र पेन्शन घेईपर्यंत मी लांबच्या गल्लीनं जात असे.