साटंलोटं

आमच्या घरी लग्नाचा विषय निघाला की दोघांची मान खाली जायची, दादाची आणि माझी. दादा छत्तिशीचा, मी तिशीची. बाभुळगावपासून जवळच आमचं ओलिताचं रान आहे आणि दादाची कपाशी, तूर बघत राहावी अशी असते. पण मुलीकडचे यायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे, "पोट्टा काय करते?" शेती म्हटलं की बशीतला चहा तसाच राहायचा. साहेबाच्या दारात उभा राहणारा चपराशी चालतो या लोकांना, स्वतःच्या रानाचा मालक चालत नाही.

माझं उलटं होतं. मी यवतमाळला एका लॅबमध्ये रक्त तपासते, रोज बसनं अपडाऊन करते. मला स्थळं यायची आणि मी नको म्हणायचे. का नको, हे कुणी विचारलं नाही. लोकांनी आपापलं ठरवून टाकलं की पोरीचं बाहेर काहीतरी असेल, नाहीतर हिच्यातच काहीतरी खोट असेल. शेजारच्या काकू बस स्टॉपवर भेटल्या की तोंडाकडे नाही, आधी गळ्याकडे बघायच्या. मला अस्सा राग यायचा! एकदा म्हटलं, "काकू, अजून नाही घातलं, घातलं की पहिले तुमालेच दाखवीन." तेव्हापासून त्यांनी बोलणं सोडलं, बघणं नाही.

मग एक दिवस मामा साटंलोटं घेऊन आला. म्हणजे एका घरची मुलगी आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे. नेरकडचं घर होतं, बी-बियाण्यांचं दुकान, भाऊ आणि बहीण दोघंही लग्नाचे. "एकाच मांडवात दोन्ही लगनं उरकू," मामा म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, "हे पाय माय, तू हो म्हटलं तं तुह्या भावाचंही जमते. तू नाही म्हटलं तं त्याचंही गेलं." धमकी नव्हती त्यात. बाजारात कापसाचा भाव सांगावा तसा तो बोलत होता, आणि आई हात जोडून माझ्याकडे बघत होती.

आम्ही नेरला गेलो. दुकानदार सभ्य माणूस होता, चाळिशीकडे झुकलेला. त्यानं मला एकच विचारलं, "नौकरी सोडसान ना?" मी म्हटलं, "कायले?" तो हसला, मी गंमत केली असं त्याला वाटलं. त्याची बहीण बावीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. पोह्यांच्या प्लेटा देताना तिनं एकदाही वर बघितलं नाही. दादानं तिला विचारलं, "अभ्यास चालू हाये का?" ती हो म्हणाली. बस, एवढंच.

पण त्या एका 'हो'वर दादा महिनाभर जगला. त्यानं आतल्या खोलीला रंग दिला, न्हाणीघरात टाइल्स बसवल्या. एका सकाळी तो आरशासमोर कानापाशी आलेले पांढरे केस कात्रीनं एक-एक कापत होता. ते पाहून मी चुलीमागं जाऊन रडले. इतक्या वर्षांत ह्या माणसानं कुणाचं वाईट केलं नाही आणि कुणी त्याला हो म्हटलं नाही. खरं सांगते, मी हो म्हणायच्या बेतात आले होते. दुकानदार मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. जाईल आयुष्य, म्हटलं.

त्याच आठवड्यात ती मुलगी आमच्या लॅबमध्ये आली. आमच्याकडे लग्नाआधी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करतात, त्यासाठी आली होती. तिची आई बाहेर बाकावर बसली. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधायला लागले, तर तिनं हात मागं ओढून घेतला. मी म्हटलं, "घाबरू नको, मुंगी चावल्यासारखं होते." ती अगदी हळू म्हणाली, "ताई, तुमी नाही म्हणा."

मी पट्टा सोडला.

"मी नाही म्हटलं, तं भावानं माह्यं कॉलेज बंद केलं. तुमी कमावत्या हा. तुमचं ऐकतीन." मग तिचे डोळे भरून आले. "तुमच्या दादाईचं काही नाही जी. पण मले नाही करायचं त्याईच्यासंग. मी जीव देईन."

मी दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं, कापूस दाबायला दिला. बाहेर तिची आई माझ्याकडे बघून हसली, होणाऱ्या सुनेकडे बघावं तशी. ही मुलगी माझी वहिनीही झाली असती आणि नणंदही.

संध्याकाळी मी घरी सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. मामा ओरडला, "तुले का राजाचा पोरगा पायजे का?" आई कपाळावर हात मारून म्हणाली, "सख्ख्या भावाचं घर वसू देत नाहीस वं तू? कोण्या जन्माचं वैर काढून राह्यली?" मी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रात्रीच्या आत नेरला पोहोचलं असतं आणि त्या मुलीची पाठ सोलून निघाली असती. आणि दादा समोरच बसला होता. एक मुलगी त्याच्यापेक्षा मरण बरं म्हणते, हे त्याच्या तोंडावर मी कसं सांगू? तो उठला आणि म्हणाला, "जाऊ दे आई. तिले नाही पायजे तं नाही." त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आई माझ्याशी कामापुरतंच बोलायची. गावात तर मी वाळीत पडल्यासारखीच झाले. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. मी म्हटलं, गेलं खड्ड्यात. एक पोरगी तरी वाचली.

वाचली कसली! दोन महिन्यांनी मामा सांगत आला, नेरच्या दोघांचं जमलं. दारव्ह्याकडचं घर, तिथंही भाऊ-बहीण, तसंच साटंलोटं. दारव्ह्याच्या मुलीनं एका शब्दात होकार दिला म्हणे. आई तूर निवडत होती. सुपावरून मान वर न काढता म्हणाली, "अशी असते बहीण."

मी त्या रात्री जेवले नाही. ती दारव्ह्याच्या मुलीकडेही गेली असेल का, रडली असेल का, की आता कुणाकडे जायचं तिला सुचलंच नाही, हे मला कधी कळलं नाही. लॅबच्या नोंदीतून घेतलेला तिचा नंबर बंद लागत होता.

दुसऱ्या दिवशी माझी बस चुकली, तेव्हा दादानं मला गाडीवर यवतमाळपर्यंत सोडलं. लॅबसमोर गाडी थांबवली आणि हँडलकडे बघत म्हणाला, "ते पोरगी रक्त द्याले आली होती न इथं?"

"हो."

"मंग... माह्याबद्दल काही इचारे का?"

मी म्हटलं, "इचारलं ना. दादा सभावानं कसे हायेत म्हणे."

"अन् तू काय सांगतलं?"

"चांगला हाये म्हटलं."

तो हसला. किती दिवसांनी हसला. "मले वाटलंच होतं," म्हणाला, आणि गाडी वळवून शेताकडे गेला.